धागा : सहा लाखांत ट्रॅकसाठी टर्बो गाडी, सांगलीत राहून

हळदपेठ (सांगली)

नमस्कार मंडळी. ट्रॅकवर चालवण्यासाठी टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) असलेली एक पेट्रोल गाडी तयार करायची आहे आणि त्यासाठी गाडीच्या किमतीसह एकूण सहा लाख रुपये बाजूला काढले आहेत. ही रक्कम वाढणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सल्ले त्या मर्यादेतच येतील.

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर मी कार्टिंग करत आलो आहे आणि आता मोठ्या ट्रॅकवर उतरायचे आहे. डोळ्यांसमोर दोन ठिकाणे आहेत : कोइमतूरचा सुमारे २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. सरावासाठी तळेगावजवळचे नानोली जवळ पडते, परंतु खरी इच्छा दक्षिणेतल्या दोन ट्रॅकची आहे. त्यामुळे गाडी आपल्या चाकांवर राष्ट्रीय महामार्ग ४८ ने बेंगळुरूपर्यंत आणि तिथून पुढे जाईल, ट्रॅकवर दिवसभर चालेल आणि त्याच चाकांवर परत येईल, अशीच हवी. ट्रेलर आणि तो ओढणारी दुसरी गाडी माझ्या हिशेबात बसत नाही.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. घरात एक जुनी स्विफ्ट पेट्रोल आहे. तिच्यावर बाहेरून टर्बो बसवायचा. किंवा ती विकून कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली एखादी जुनी गाडी घ्यायची. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत लेथ, बोअरिंग, आर्गॉन वेल्डिंग या सगळ्या सोयी हाताशी असल्यामुळे पहिल्या वाटेचा मोह होतो. जाणकारांनी मत द्यावे.

कुपवाड_लेथ

इंजिनांच्या बोअरिंग-होनिंगच्या कामात माझी हयात गेली आहे, त्यामुळे पहिल्या वाटेबद्दल मीच आधी बोलतो.

टर्बो बसवणे हे काम यांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बोसह जगवणे. आजच्या नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) बहुधा १० पटींच्या पुढे असते. त्यात बाहेरून दाबलेली हवा भरली की स्पार्क पडल्यानंतर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण स्वतःहून पेटते. त्याला नॉकिंग म्हणतात आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी त्यानेच तुटते. मग कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन, मजबूत कनेक्टिंग रॉड, जाड हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट हे सगळे ओघाने येते. हे पिस्टन आपल्याकडे ओतून मिळत नाहीत, मागवावे लागतात.

याशिवाय मूळ गाडीचा इनटेकमधला (हवा आत येण्याच्या वाटेतला) दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडे वरपर्यंतच वाचतो. त्यापुढे किती हवा आली हे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळतच नाही. हवा निम्म्याने वाढली तर पेट्रोलही निम्म्याने वाढले पाहिजे, म्हणजे मोठे इंजेक्टर आले, पंप आला, वेगळा ईसीयू आला. टर्बोला ऑइल द्यायची नळी सहज जोडता येते, पण ते ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उताराने आणि जाड नळीने उतरले पाहिजे, कारण तिथे ते फेसासारखे बाहेर पडते. ही नळी अरुंद राहिली की ऑइल सीलमधून सायलेन्सरमध्ये जाते आणि लोक टर्बोला दोष देतात.

मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचे) म्हणाल तर ३०४ स्टेनलेसचे पाइप आतून आर्गॉन भरून जोडले तरच सांधा टिकतो, आणि तरीही तापून थंड होण्याच्या फेऱ्यांत तो कुठे तरी चिरतो. कारखान्याचे मॅनिफोल्ड ओतीव असते, बहुधा सिलिकॉन-मॉलिब्डेनम असलेल्या एसजी आयर्नचे, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचे. कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रींना असा धातू ओतता येतो, परंतु एका नगासाठी पॅटर्न करून घेणे हा सहा लाखांतला खर्च नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. हे काम मला पोटापाण्याला मिळाले असते तरी सांगतो, स्विफ्टवर टर्बो चढवू नका.

अजिंक्यतारा (सातारा)

काकांचा अनुभव मोठा आहे, तरीही मी दुसरी बाजू मांडतो. दाब फक्त ०.३ बार ठेवला, पिस्टन न बदलता स्पार्कची वेळ थोडी मागे घेतली, तर जुने इंजिन पुष्कळ काळ चालते. शिवाय स्वतः बांधलेल्या गाडीतून जे शिकायला मिळते ते विकत घेतलेल्या गाडीतून मिळत नाही. टर्बोसाठी ट्रकच्या दुरुस्तीच्या दुकानात पडलेला चांगला जुना नग घेता येईल. चाचणीही आपल्याकडेच होईल. पसरणीचा किंवा यवतेश्वरचा घाट पहाटे रिकामा असतो.

कोयनाकाठ (कराड)

कराड-उंब्रज पट्ट्यातील उसाच्या ट्रकांचे आणि ट्रॅक्टरांचे टर्बो उघडणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून ट्रकच्या टर्बोबद्दल तेवढे लिहितो.

डिझेलच्या टर्बोला साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानाचा धूर सोसायचा असतो. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलने (पेडल पूर्ण दाबून) पळणाऱ्या पेट्रोल इंजिनात तोच धूर ९५० अंशांपर्यंत जातो. टर्बाइनच्या (धुराने फिरणाऱ्या चाकाच्या) घराचा धातू, चाकाचा धातू, बेअरिंगभोवती पाणी फिरते की नाही, हे सगळे त्या फरकाप्रमाणे ठरलेले असते. डिझेलचे बरेच टर्बो केवळ ऑइलवर थंड होतात. पेट्रोल गाडीवर ते बसवून इंजिन तापलेले असताना बंद केले की बेअरिंगमधले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

दुसरे म्हणजे मोजमाप. चार-पाच लिटरच्या इंजिनासाठी घडवलेला टर्बो सव्वा लिटरच्या इंजिनावर जवळजवळ रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या वरच्या मर्यादेपर्यंत) फिरतच नाही, आणि फिरला की थ्रॉटल सोडताच हवा उलटी मारतो. लहान पेट्रोल टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो. त्यामुळे शाफ्टचा प्ले (सैलपणा) हाताने हलवून पाहणे ही सुरुवात झाली. टर्बोचा कोअर (फिरणारा गाभा) बदलला असेल तर तो बॅलन्सिंग मशीनवर फिरवल्याशिवाय बसवू नये.

घाटाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. पहाटे पसरणी घाट रिकामा नसतो. भाजीच्या गाड्या असतात, दूधवाले असतात, चालायला आलेली माणसे असतात. इंजिनाची चाचणी डायनोवर (गाडी जागीच ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा, त्यासाठी पुण्यापर्यंत जावे लागले तरी जा.

अजिंक्यतारा (सातारा)

घाटाचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी मागे घेतो. टर्बोच्या धातूबद्दलची माहितीही उपयोगी वाटली. मग कारखान्याच्या टर्बो गाड्यांत नेमकी कोणती घ्यावी, यावर कोणी सविस्तर लिहील का?

मिरजकर

जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे माझे बरेच लक्ष असते, म्हणून लिहितो.

पहिली मारुतीची बलेनो आरएस. मार्च २०१७ मध्ये आली आणि २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. एक लिटरचे तीन सिलिंडरांचे बूस्टरजेट इंजिन, १०२ पीएस (अश्वशक्ती), १५० न्यूटन मीटर (फिरवण्याचा जोर), पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क, आणि या सगळ्यांहून महत्त्वाचे म्हणजे वजन अवघे ९५० किलो. इंजिन जपानहून आयात होत असे, त्यामुळे खास त्या इंजिनाचे भाग महाग आणि उशिरा मिळतात. परंतु सस्पेन्शन, दरवाजे, काचा यांसाठी साध्या बलेनोचे भाग सांगलीतल्या कोणत्याही दुकानात मिळतील.

दुसरी फियाटची लिनिया टी-जेट. रांजणगावला बनलेली, २०१० मध्ये आलेली. १३६८ सीसीचे चार सिलिंडर, ११४ पीएस, २०७ न्यूटन मीटर. हिलाही चारही चाकांना डिस्क आहेत आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, ज्याच्या हाताला येणाऱ्या जाणिवेबद्दल आजही लोक आदराने बोलतात. वजन मात्र बाराशे किलोंच्या वर. पेट्रोल इनटेकच्या पोर्टमध्ये फवारले जाते, थेट सिलिंडरमध्ये नाही, म्हणून इंधनाची व्यवस्था साधी आणि दुरुस्तीला सोपी आहे. फियाटने भारतातली प्रवासी गाड्यांची विक्री थांबवल्यामुळे किंमत उतरली आहे, आणि त्याच कारणाने सुटे भाग शोधावे लागतात.

तिसरी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरची, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. इंजिन उत्तम आहे. इंटरकूलर (टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्यावर चालणारा आहे. परंतु तिच्यासोबत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स येतो, आणि कोरडा क्लच तापला की त्याची उष्णता काढून न्यायला ऑइल नसते. मागच्या चाकांना ड्रम आहेत. २०२० नंतरची एक लिटरची मॅन्युअल पोलो हे उत्तर असू शकले असते, पण तिची किंमत या धाग्याच्या बाहेर जाते.

टाटाची टियागो जेटीपी, २०१८ ते २०२०, ११४ पीएस, साधे पोर्ट इंजेक्शन, ही चांगली वस्तू आहे. फार थोड्या बनल्या, म्हणून मिळणे कठीण. मिळाली तर नाकारू नका, मागच्या ड्रमसकट घ्या.

हळदपेठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. स्विफ्टचा विचार मी सोडला आहे. बलेनो आरएस आणि लिनिया टी-जेट या दोनच डोळ्यांसमोर ठेवतो.

आता पुढचा प्रश्न. दोन्हींचे रीमॅप करून (ईसीयूमधली सेटिंग बदलून) पंचवीस-तीस पीएस वाढवता येतात असे पुण्याचे ट्यूनर सांगतात. पहिला खर्च रीमॅपवर करावा का?

विश्रामबाग

अभियांत्रिकी महाविद्यालयात उष्मागतिकी शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी देण्याचा प्रयत्न करतो.

टर्बोने हवा दाबली की ती तापते. सांगलीत एप्रिल महिन्यात बाहेर ३८ अंश तापमान आहे आणि टर्बो ०.८ बार दाब देतो आहे असे समजू. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहोत, वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या जवळपास आहे, म्हणजे हवा सुमारे १.८४ पट दाबली जाते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १२० अंशांच्या पुढे गेलेली असते. इंटरकूलरने ती ५५-६० अंशांवर आणायची असते. महामार्गावर हे सहज घडते, कारण पूर्ण दाब काही सेकंदच लागतो आणि मग इंटरकूलरला विश्रांती मिळते. ट्रॅकवर विश्रांती नसते. इंटरकूलरचे ॲल्युमिनियम स्वतःच तापते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून इंजिनात जाणारी हवा ७०, ८० अंशांची होऊ लागते.

मग ईसीयू काय करतो? नॉक सेन्सरला खडखडाट ऐकू येताच तो स्पार्क उशिरा देतो. ताकद कमी होते. उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यानंतरही जळत राहते, म्हणून धूर अधिक गरम होतो. त्याने टर्बाइन तापते, बॉनेटखालची हवा तापते, आणि इनटेकची हवा आणखी तापते. रीमॅपमध्ये दाब वाढवला की या साखळीची सुरुवात लवकर होते. डायनोवर एका दमात मोजलेले १३५ पीएस पाचव्या फेरीला बलेनोच्या मूळच्या १०२ पेक्षाही खाली गेलेले असू शकतात.

म्हणून पैसा आधी उष्णता बाहेर काढण्यावर लावावा : मोठा इंटरकूलर आणि त्याच्याकडे हवा जबरदस्तीने नेणारी, कडांना फोम लावून बंद केलेली पत्र्याची वाट, नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, ताजे कूलंट, टर्बाइनच्या घराभोवती उष्णतारोधक आवरण, आणि ऑइलचे तापमान दाखवणारा एक विश्वासार्ह मीटर. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मुद्दाम स्थिर राहील असा बनवलेला असतो, त्याच्यावर विसंबू नये. ऑइल १३० अंशांच्या पुढे जाऊ लागले की फेरी सोडून हळू चालवत पिटमध्ये यावे.

पत्र्याची ती वाट हे काम कुपवाडमध्ये अर्ध्या दिवसात होते, आणि माझ्या मते या सगळ्या धाग्यात रुपयामागे सर्वांत जास्त फळ देणारे काम तेच आहे. इंटरकूलर कितीही मोठा आणा. हवेला बाजूने निसटायला जागा असेल तर ती निसटणारच.

चिंचणी_डिस्टिलरी

इंधनाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला आहे.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यासाठी ठरलेला ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याच्या ताकदीचा आकडा) ९५ आहे. पूर्वीचे साधे पेट्रोल ९१ चे होते. टर्बो इंजिनाच्या दृष्टीने ही चांगली बाजू आहे. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते, त्यामुळे मिश्रण थंड राहते. परंतु इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण १३.५ पट. याचा अर्थ, तेवढ्याच हवेला इंधन जास्त फवारावे लागते. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र जुन्या ईसीयूंपैकी काही ही शिकलेली दुरुस्ती लागू करतात, काही करत नाहीत. आणि करत नसतील तर जिथे मिश्रण श्रीमंत (इंधन जास्त असलेले) हवे नेमके तिथेच ते गरीब होते.

म्हणून रीमॅप करा अथवा न करा, वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावून पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण तपासून घ्यावे आणि मीटर लॅम्ब्डामध्ये, म्हणजे पूर्ण जळण्यास लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती त्या प्रमाणात, वाचावा. दाबाखाली लॅम्ब्डा ०.८० ते ०.८५ असला म्हणजे इंधन कोणतेही असो, अर्थ एकच राहतो. २०१०-१२ च्या लिनियाच्या रबरी इंधननळ्या या मिश्रणाच्या आधीच्या काळातल्या आहेत, त्या बदलूनच घ्याव्यात. आणि एक विनंती : कारखान्यातले इथेनॉल मिळवून टाकीत मिसळण्याचे कोणी मनात आणू नये. त्याची एकेक लिटर उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदीत असते.

प्रीतिसंगम (कराड)

मी वकिली करतो. तांत्रिक भागात मला गती नाही, कायद्याचे थोडक्यात सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. इंजिन बदलणे, बाहेरून टर्बो बसवणे, सायलेन्सर काढणे हे त्या वाटेने जाते. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, नळ्या, मूळ मापाचे टायर, रेडिएटर ही देखभाल आहे. एमएच-१० ची गाडी तीन राज्यांतून जाणार असेल तर हा फरक लक्षात ठेवूनच कामे निवडावीत.

विम्याचे त्याहून कठोर आहे. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि विश्वासार्हता चाचणी हे उपयोग स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे असे समजूनच उतरावे. म्हणूनच जी गाडी पूर्ण गमावली तरी घर चालेल, तीच ट्रॅकवर न्यावी.

सज्जनगड_रोड (सातारा)

कोइमतूर आणि चेन्नई, दोन्ही ठिकाणी मी स्वतःच्या गाडीने गेलो आहे. हळदपेठ, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ब्रेकपासून सुरू होते.

चालकासह १०३० किलोंची बलेनो १६० वरून ६० किलोमीटर वेगावर आणली तर सुमारे ८७५ किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये जाते. तीन लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते, आणि ब्रेकना ते काम तीन-चार सेकंदांत करायचे असते, पुन्हा पुढच्या वळणाला तेच. चालकासह तेराशे किलोंच्या लिनियात हा आकडा ११०० च्या घरात जातो. इथे बलेनोचे ९५० किलो वजन पैसे वाचवते : पॅड कमी झिजतात, टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागते, आणि हे प्रत्येक दिवशी.

ब्रेक ऑइल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर १४० असतो, डॉट ४ चा २३० आणि १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. आपल्या पावसाळ्यातून गेलेले दोन वर्षांचे ऑइल कोणत्या आकड्याजवळ असेल ते ओळखता येते. ते उकळले की वाफ दाबली जाते, पेडल थेट फरशीला लागते आणि गाडी थांबत नाही. त्यामुळे ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यात चारही चाकांचे ऑइल पूर्ण बदलून हवा काढावी. पॅड ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे घ्यावेत. ते थंड असताना जरा उशिरा पकडतात आणि कर्कश वाजतात, म्हणून महामार्गासाठी मूळचे पॅड आणि ट्रॅकवर बदलण्यासाठी दुसरे, असा जोड ठेवावा. तिथल्या सावलीत बसून पॅड बदलायला जॅक, स्टँड आणि टॉर्क पाना सोबत असला की पुरे. बंपरच्या खालच्या जाळीतून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची लवचीक नळी टाकली तर फरक लगेच जाणवतो.

टायर मूळ मापाचेच, पण चांगल्या पकडीचे घ्यावेत. गरम झाल्यावर हवा सहा ते आठ पीएसआय वाढते, म्हणून थंड असताना कमी भरून सुरुवात करावी आणि प्रत्येक सत्रानंतर लगेच मोजावी. पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्टने दीड-दोन अंश उणा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणे) दिला नाही तर टायरची बाहेरची कड एका दिवसात संपते.

आणखी दोन सवयी. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी हळू चालवावी आणि पिटमध्ये आल्यावर इंजिन दोन मिनिटे सुरू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधली उष्णता ऑइलबरोबर निघून जाते. आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ओंडका लावावा; तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहिला की त्या जागी डाग उरतो आणि पेडल थरथरू लागते.

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्या साताऱ्यात सातशे मीटर उंचीवर ट्यून केलेली गाडी चेन्नईला समुद्रसपाटीवर नेली तर काही धोका संभवतो का? उलटा प्रश्न नेहमी विचारला जातो, हा मात्र कुठे वाचायला मिळाला नाही.

विश्रामबाग

प्रश्न अगदी योग्य आहे. सातशे मीटरवर वातावरणाचा दाब सुमारे ०.९३ बार असतो आणि चेन्नईला १.०१. वेस्टगेटचा (टर्बोला चुकवून जादा धूर सोडणाऱ्या झडपेचा) पडदा केवळ स्प्रिंगवर चालत असेल तर तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब राखतो. म्हणजे साताऱ्यात ०.८ चा दाब म्हणजे एकूण १.७३ बार, आणि तिथे १.८१. सिलिंडरला हा एकूण दाबच भोगावा लागतो. ईसीयूकडून नियंत्रित होणारी आजची इंजिने एकूण दाबाचे लक्ष्य ठेवतात, त्यामुळे कारखान्याच्या गाडीत चिंता नाही. परंतु हाताने फिरवायचा बूस्ट (टर्बोचा दाब) कंट्रोलर बसवला असेल तर साताऱ्यात काठावर ठेवलेली सेटिंग चेन्नईच्या दमट उकाड्यात काठापलीकडे जाईल. असा कंट्रोलर लावूच नये.

थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) बलेनोबाबत आणखी एक. लहान टर्बो थेट इंजेक्शन इंजिनांत इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल दिला तर मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटण्याचा धोका असतो. वळणातून बाहेर पडताना चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून पेडल दाबू नये, खालचा गिअर घ्यावा, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचे असावे. हा दर्जा २०२० मध्ये आला तेव्हा त्यात या दोषाची चाचणी समाविष्ट होती.

हळदपेठ (सांगली)

सर्वांचे वाचून, दोन्ही गाड्या पाहून आणि कुपवाडच्या काकांना सोबत नेऊन निर्णय केला आहे. बलेनो आरएस मनात पहिली होती, परंतु चांगल्या स्थितीतल्या गाडीला जी किंमत सांगितली जाते ती दिल्यावर ब्रेक-टायर-इंटरकूलर यांना हात आखडता घ्यावा लागतो. तिच्या वजनाचा फायदा मला पूर्ण मान्य आहे. तरीही सव्वातीन लाखांत सर्व्हिसच्या नोंदींसह एका मालकाची लिनिया टी-जेट मिळते आहे, काकांनी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले आणि ते एकसारखे आले, टर्बोच्या इनटेककडच्या पाइपमध्ये ऑइल नव्हते.

उरलेल्या पैशांची विभागणी अशी ठरवतो आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, इंधननळ्या आणि सर्व होज यांसाठी साठ हजार. ब्रेकसाठी पंचेचाळीस. टायर आणि कॅम्बर बोल्टसाठी पस्तीस. इंटरकूलर, त्याची पत्र्याची वाट, रेडिएटर आणि ऑइलचा मीटर यांसाठी चाळीस. हेल्मेट, हातमोजे आणि बाजूने घट्ट धरणारे चालकाचे आसन यांसाठी पस्तीस. साठ हजार उरतात ते पहिल्या प्रवासाचे, प्रवेशशुल्काचे आणि पेट्रोलचे. रीमॅपला यात जागा नाही आणि पहिल्या वर्षी मी रीमॅप करणारही नाही.

कुपवाड_लेथ

विभागणी योग्य आहे. फक्त टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारी आणि वळवणारी चाके) हेही त्याच वेळी बदला, बेल्ट बहुधा त्यांच्यामुळेच जातो. आणि सम्प उतरवणारच आहोत तर मी आत पत्र्याचे बॅफल (ऑइल अडवणारे पडदे) बसवून देतो. लांब वळणात ऑइल एका बाजूला जाते आणि पंपाची नळी हवा ओढते. तेवढ्याने कनेक्टिंग रॉडचे मोठे बेअरिंग जाते. गाडी आली की आधी माझ्याकडे आणा.

सज्जनगड_रोड (सातारा)

अभिनंदन. पहिल्यांदा नानोलीला या, मीही येतो. घरापासून अडीचशे किलोमीटरवर काही बिघडले तर फ्लॅटबेडवर परत आणता येते, कोइमतूरहून ते परवडत नाही. तिथे दोन-तीन सत्रे करून ऑइलचे तापमान, टायरमधली हवा आणि पॅडची उरलेली जाडी वहीत लिहून ठेवा. ते आकडे हातात आले की दक्षिणेला किती पॅड आणि किती ऑइल सोबत न्यायचे हे इथेच बसून ठरवता येईल.

हळदपेठ (सांगली)

नक्की. गाडी नावावर झाली, सम्पचे आणि बेल्टचे काम पूर्ण झाले की याच धाग्यावर छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या टाकतो. ट्रॅकवर चालतील असे लिनियाच्या मापाचे पॅड पुण्याखेरीज कोल्हापुरात कुणाकडे मिळतात का, एवढे कोणाला माहीत असल्यास कळवावे.

कोयनाकाठ (कराड)

शिरोलीच्या बाजूला दोन-तीन दुकाने रॅलीच्या गाड्यांसाठी पॅड मागवतात. जुना पॅड नमुना म्हणून सोबत न्या, केवळ गाडीचे नाव सांगून मागवू नका. टी-जेटचे आणि साध्या लिनियाचे माप सारखेच असेल असे धरून चालू नका.